‘कॉम्प्युटरला जायचंय’ म्हणजे नेमके कुठे? महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी वाटा, फाटे आणि कागदपत्रे

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : “आमच्या मुलाला कॉम्प्युटरला टाकायचंय.” या एका शब्दाच्या मागे डिप्लोमा, बी.टेक., बी.एस्सी., बी.सी.ए. आणि पुढे एम.सी.ए., एम.एस्सी., एम.टेक. असे निरनिराळे अभ्यासक्रम उभे असतात. त्यांचे प्रवेशाचे नियम वेगळे आणि शुल्कही वेगळे, याची कल्पना बोलणाऱ्याला बहुधा नसते. ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणी या क्षेत्रात गेलेले नाही, अशा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख लिहिला आहे. वाटा अनेक असल्या तरी त्या पुढे एकमेकींना मिळतात, त्यामुळे पहिली संधी हुकली म्हणून काही संपत नाही. मात्र प्रत्येक फाट्यावर काही ठरावीक गोष्टी विचारल्या जातात आणि त्या आधीपासून जवळ ठेवाव्या लागतात.

पायरी पहिली : नावांचा घोळ सोडवा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या शाखेला ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’ म्हणतात, तर इतर अनेक ठिकाणी ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’. ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ ही जुनी भावंड शाखा आहे. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’सारखी लांबलचक नावे मात्र गेल्या काही वर्षांतच प्रवेशपुस्तिकेत दिसू लागली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ ही आपल्याकडे सहसा स्वतंत्र पदवी नसून पदवीतला एक विषय असतो. ग्राहकाची गरज समजून घेऊन ती लिहून काढणे, रचना आखणे, चाचण्या घेणे आणि तयार झालेली प्रणाली वर्षानुवर्षे सांभाळणे हे त्या विषयात शिकवतात. संगणकशास्त्राचा भर मात्र गणन म्हणजे काय, कोणता प्रश्न किती वेळात सुटतो, आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर कसे होते, अशा मुळाशी जाणाऱ्या प्रश्नांवर असतो.

शाखेच्या नावावर फार वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त (म्हणजे आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवणाऱ्या) महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि त्यात डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर नेटवर्क, अल्गोरिदम आणि थिअरी ऑफ कम्प्युटेशन हे सहा विषय शोधावेत. हे सहाही विषय पूर्ण स्वरूपात असतील, तर वर नाव कोणतेही असो, पाया पक्का होतो. यांतले दोन-तीन विषय गाळून त्यांच्या जागी चकचकीत नावाचे विषय घातले असतील, तर जरा थांबून विचार करावा.

पायरी दुसरी : गणित सोडू नका

अकरावीला गणिताऐवजी जीवशास्त्र घेतले की डोक्यावरचा भार हलका होतो, असा सल्ला दरवर्षी अनेकांना मिळतो. संगणकाकडे जाण्याचा थोडासा जरी विचार असेल, तर हा सल्ला ऐकू नये. बी.टेक.साठीच्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, निम्मे गुण गणिताचे असतात. बी.एस्सी. झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला जायचे तर बारावीला गणित असावे लागते. एम.सी.ए.लाही बारावीला किंवा पदवीला गणित होते का, हे विचारले जाते आणि नसेल तर जोडअभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. थोडक्यात, ज्या फाट्यांवर वाटा एकमेकींना मिळतात, त्यांतल्या बहुतेक फाट्यांवरची किल्ली गणित ही आहे. गणितात ऐंशी-नव्वद गुण पडले पाहिजेत असे मुळीच नाही, पण तो विषय गुणपत्रिकेवर असला पाहिजे.

पायरी तिसरी : आपली वाट ओळखा

पहिली वाट दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाची. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पॉलिटेक्निकमध्ये दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीईटी द्यावी लागत नाही. सोळाव्या वर्षीच मुले सी भाषेत आज्ञावली लिहू लागतात आणि तीन वर्षांनी नोकरी किंवा अभियांत्रिकीचे थेट द्वितीय वर्ष असे दोन्ही पर्याय खुले राहतात. थेट द्वितीय वर्षाच्या या प्रवेशाला विद्यार्थी ‘डी टू डी’ (डिप्लोमा टू डिग्री) म्हणतात. त्यासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के जादा जागा असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागांचीही त्यांत भर पडते. डिप्लोमातून आलेली मुले प्रयोगशाळेत सरस ठरतात, पण अभियांत्रिकीच्या गणितात पहिले सहा महिने चाचपडतात, असा अनुभव आहे. ज्यांना ही वाट धरायची आहे, त्यांनी डिप्लोमाच्या शेवटच्या उन्हाळी सुट्टीत कलन (कॅल्क्युलस) आणि मॅट्रिक्स एवढे दोन भाग पक्के करून घ्यावेत.

दुसरी वाट बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बी.टेक. किंवा बी.ई.ची. ती सर्वांना ठाऊक असते. तिच्या प्रवेशप्रक्रियेत मात्र सर्वाधिक चुका होतात, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिसरी वाट बी.एस्सी. आणि बी.सी.ए.ची. तिला ‘इंजिनिअरिंग नाही मिळालं म्हणून’ घेतलेली वाट समजण्याची पद्धत आहे आणि ती पद्धत चुकीची आहे. पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्समध्ये संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सही शिकवत आले आहेत. प्रात्यक्षिकांवर या अभ्यासक्रमाचा भर किती असतो, ते परीक्षेच्या दिवशी कळते. विद्यार्थ्याच्या हातात एक चिठ्ठी येते, तिला सगळे ‘स्लिप’ म्हणतात. समजा, तिच्यावर लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी, त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे नोड) उलटी करून दाखवणारी आज्ञावली आली. मुलगा आधी कागदावर चौकोन काढून बाणांच्या दिशा बदलून पाहतो, मग सी भाषेत ती उतरवतो आणि पहिल्या वेळी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असा चुकीचा इशारा देणारा संदेश येऊन आज्ञावली बंद पडली की शेवटच्या नोडचा बाण कुठे सुटला ते शोधत बसतो. परीक्षक शेजारी येऊन “ही ओळ काढली तर काय होईल?” एवढेच विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देता आले, तर तो विद्यार्थी बी.एस्सी.चा आहे की बी.टेक.चा, याने काही बिघडत नाही. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आणि बी.एस्सी. आय.टी. असे दोन पर्याय आहेत.

बी.सी.ए.विषयी एक बदल लक्षात ठेवावा. २०२४-२५ पासून बी.सी.ए., बी.बी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली. त्यामुळे बारावीचा निकाल हातात घेऊन जूनमध्ये महाविद्यालयात जाऊ आणि अर्ज भरू, हा जुना हिशेब येथे चालत नाही, कारण सीईटीच्या अर्जाची मुदत निकालाच्या कितीतरी आधी संपते. बी.एस्सी.ला हा नियम लागू नाही.

चौथी वाट घरी बसून शिकण्याची आहे आणि ती आता गांभीर्याने घ्यावी अशी झाली आहे. आय.आय.टी. मद्रासचा डेटा सायन्समधील बी.एस. अभ्यासक्रम २०२१ मध्ये सुरू झाला. त्याला जेईई ही आय.आय.टी.ची नेहमीची प्रवेश परीक्षा लागत नाही. चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यास करून पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले की प्रवेश मिळतो. शिकवणी ऑनलाइन असली, तरी परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात. मध्येच थांबायचे झाले तर प्रमाणपत्र, डिप्लोमा किंवा बी.एस्सी. घेऊन बाहेर पडता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिल्यामुळे गावातल्या महाविद्यालयात बी.एस्सी. करता करता हाही अभ्यासक्रम करणे शक्य आहे. अर्थात, शक्य असणे वेगळे आणि झेपणे वेगळे. आठवड्यातून दहा-बारा तास नियमाने देता येणार नसतील, तर या वाटेला जाऊ नये.

पायरी चौथी : सीईटी, आणि त्याआधी कागदपत्रे

एमएचटी-सीईटीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. प्रत्येक विषयात दहा प्रश्न अकरावीवर आणि चाळीस बारावीवर असतात. दीड तास भौतिक-रसायनाला आणि दीड तास गणिताला मिळतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडणे म्हणजे हातचा गुण सोडणे होय. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्या सत्रातील ९० टक्के विद्यार्थ्यांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचा उपयोग प्रामुख्याने नागपूरची व्ही.एन.आय.टी. (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एन.आय.टी.), पुणे आणि नागपूरच्या आय.आय.आय.टी. (माहिती तंत्रज्ञान संस्था) आणि देशभरातील तत्सम संस्थांसाठी होतो. व्ही.एन.आय.टी.तील निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आय.आय.आय.टी.त मात्र असा गृहराज्य कोटा नाही. आय.आय.टी. मुंबई किंवा आय.आय.टी. गोवा हवी असेल, तर जेईई ॲडव्हान्स्डपर्यंत जावे लागते.

आता कागदपत्रांविषयी. माझ्या पाहण्यात गुणांपेक्षा कागदपत्रांनी जास्त प्रवेश बिघडवले आहेत. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल त्यांना नॉन-क्रीमीलेअर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी राज्याच्या नमुन्यातला दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, एवढी थप्पी बारावीच्या परीक्षेपूर्वी तयार हवी. जात वैधतेचा अर्ज अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करावा, कारण समितीकडे पुराव्यांची त्रुटी निघाली की महिने जातात. ओळखीच्या एका मुलाचे नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपले होते. ते कोणीच उलटून पाहिले नव्हते. नवा दाखला वेळेत न आल्याने त्याला खुल्या प्रवर्गातून अर्ज करावा लागला आणि त्याच्या पर्सेंटाइलला सहज मिळाली असती अशी जागा हातची गेली. म्हणून प्रत्येक दाखल्याच्या तळाशी वैधतेची तारीख असते, ती आज वाचून ठेवावी.

पायरी पाचवी : ऑप्शन फॉर्म

ऑप्शन फॉर्म म्हणजे हव्या असलेल्या महाविद्यालयांची आणि शाखांची पसंतीक्रमाने भरायची यादी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथे हुशारीपेक्षा नीट वाचण्याला किंमत आहे. राज्य सीईटी कक्ष मागील वर्षांच्या कट-ऑफच्या, म्हणजे शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली त्याच्या, याद्या प्रसिद्ध करतो. त्या उघडल्या की प्रत्येक शाखेखाली ‘जी ओपन एच’, ‘एल ओपन एस’ अशी विचित्र अक्षरे दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. ती वाचणे सोपे आहे. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा आणि ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर सर्वांत जास्त दुर्लक्षित : ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठाची (बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून झाली, त्या क्षेत्रातल्यांसाठीची) जागा, ‘ओ’ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरची आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय.

याचे उदाहरण घेऊ. बार्शीतून बारावी झालेल्या मुलीचे गृह विद्यापीठ सोलापूरचे. तिला पुण्यातील एखादे संलग्न, म्हणजे स्वायत्त नसलेले महाविद्यालय हवे असेल, तर तेथील ७० टक्के जागा पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. म्हणजे तिने ‘एच’चा नव्हे, ‘ओ’चा आकडा पाहायला हवा. स्वायत्त संस्थांमध्ये जागा राज्यस्तरीय असल्याने तेथे ‘एस’चा एकच आकडा सर्वांना लागू होतो. दरवर्षी कितीतरी पालक चुकीच्या रकान्यातला आकडा पाहून एकतर उगाच निराश होतात किंवा उगाच निर्धास्त.

पर्याय लावताना तीन थर करावेत. वरच्या थरात मनापासून हव्या असलेल्या, पण गेल्या वर्षीच्या कट-ऑफनुसार जरा आवाक्याबाहेरच्या जागा. मधल्या थरात आपल्या पर्सेंटाइलच्या आसपासच्या. खालच्या थरात नक्की मिळतील अशा. संगणकप्रणाली यादी वरून खाली वाचते आणि गुणवत्तेत बसणारा पहिला पर्याय देते. त्यामुळे वर मोठे नाव लिहिल्याने खालचा पर्याय हातून जात नाही. गुण कमी आहेत म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलणे हा निव्वळ गैरसमज आहे. मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापासून केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या चार फेऱ्या होऊ लागल्या आणि एक नवा नियम आला : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली, तर तीच घ्यावी लागते. म्हणून पहिल्या सहा ओळींत ‘बघू या, मिळाले तर विचार करू’ असे एकही नाव नसावे. त्या वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचावी, शेजारच्या दादाच्या वेळचे नियम विचारू नयेत.

महाविद्यालयांपैकी १८५४ पासूनची परंपरा असलेले आणि २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालेले पुण्याचे सीओईपी, माटुंग्याची १८८७ सालची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये ही सार्वजनिक पैशावर चालणारी नावे आधी पाहावीत. खाजगीत पुण्याची पी.आय.सी.टी. आणि मुंबईची एस.पी.आय.टी. यांची संगणक शाखा चांगली मानली जाते. इंग्रजीचा फारच अडसर वाटत असेल, तर पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात केली, हेही ठाऊक असावे. तांत्रिक संज्ञा मात्र इंग्रजीतूनच शिकाव्या लागतील.

पायरी सहावी : पैशाचा हिशेब

खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्रसिद्ध होते. त्या आकड्यापलीकडे ‘विकास निधी’च्या नावाने रोख मागितली, तर ती देणगी आहे, आणि देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याच उत्पन्न मर्यादेत सर्वांसाठी शिक्षण शुल्क माफी योजनेच्या पाच टक्के जादा जागा असतात. त्या गुणवत्तेवर मिळतात, पण त्या घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही. खुल्या प्रवर्गातील गरजूंना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने करावे लागतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारे विद्यार्थी कमी नाहीत. संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांवर, प्रवेश घेतला, तर यातील बहुतेक सवलती मिळत नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावे.

पायरी सातवी : पदवीनंतरचे फाटे

बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेल्यांसाठी एम.सी.ए. हा रुळलेला मार्ग आहे. २०२०-२१ पासून तो तीनऐवजी दोन वर्षांचा झाला. राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएएच-एमसीए सीईटी आणि एन.आय.टी.साठी निमसेट अशा दोन परीक्षा असतात. एम.टेक.साठी गेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि मिळालेला गुणांक तीन वर्षे वैध. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, ही गोष्ट घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना फारशी कोणी सांगत नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते. एम.सी.ए. केलेल्यांनाही अनेक संस्थांत एम.टेक.ची दारे खुली असतात, म्हणजे बी.सी.ए.ने सुरू केलेली वाट आय.आय.टी.पर्यंत पोहोचू शकते.

परदेशी जाण्याचा विचार असेल, तर पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी.ला चौथ्या ऑनर्स वर्षाचा पर्याय आला आहे, तो अशा विद्यार्थ्यांनी गांभीर्याने पाहावा. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) आवश्यक झाले आहे आणि ते मिळायला वेळ लागतो.

पायरी आठवी : प्रवेश झाल्यानंतरचे दोन महिने

महागडा गेमिंग लॅपटॉप घेण्याची घाई करू नये. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप चार वर्षे पुरतो, आणि पहिल्या वर्षी तर प्रयोगशाळेतील यंत्रांवरही भागते. लॅपटॉपवर उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवून पाहावी. ती बसवताना जे बिघडेल, ते दुरुस्त करण्यातच बरेच शिकणे होते. रोज एक तास सी किंवा पायथन, आणि दोन्ही हातांनी टंकलेखन, एवढे पुरे. वर्ग सुरू होण्यापूर्वी मूळ दाखल्यांच्या स्कॅन प्रती स्वतःच्या ईमेलवर ठेवाव्यात, कारण मूळ कागद महाविद्यालयाकडे पडताळणीसाठी गेलेले असताना वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि बँक असे सर्व जण एकाच आठवड्यात ते मागतात. मन बदललेच, तर प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख वेळापत्रकात दिलेली असते. त्या तारखेच्या आत अर्ज केला, तर फक्त एक हजार रुपये कापून बाकीचे शुल्क परत मिळते.